नातेवाचक नामे आणि मराठीतील तिसरे लिंग

स्त्री आणि पुरुष या दोन्ही कोटींत स्वतःची गणना न करणाऱ्या, म्हणजे हल्ली ज्यांना ‘नॉन-बायनरी’ म्हटले जाते अशा, आप्तास कोणत्या नात्याने हाक मारावी हा प्रश्न काही मराठी कुटुंबांपुढे आज उभा आहे. आपले लिंग स्वतः ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला. परंतु घरात ‘काका’ म्हणावे की ‘आत्या’, याचा निवाडा भाषेतच शोधावा लागतो.

यावर सहज सुचणारे उत्तर असे की, इतर भाषांना जे घडवावे लागते ते मराठीजवळ आयतेच आहे. भाचा, भाची, पुतण्या, पुतणी या सर्वांसाठी इंग्रजीला विसाव्या शतकात ‘निब्लिंग’ हा कृत्रिम शब्द बनवावा लागला. हिंदीत तर तिसरे लिंग उरलेच नाही. मराठीने ते राखले आहे. भावंड, नातवंड, पतवंड, लेकरू, भाचरू ही नामे त्याची साक्ष देतात. ‘चुलत’, ‘मावस’, ‘आते’, ‘मामे’ यांपैकी हवे ते पद ‘भावंड’ शब्दास जोडले की काम भागते. शहरी घरांतील ‘कझिन’ हा शब्द त्यापुढे लंगडा ठरतो. कारण ‘माझा’ की ‘माझी’ हे म्हटल्यावाचून तो वाक्यात येऊ शकत नाही. ‘नपुंसक’ या संज्ञेला व्यवहारात जो हीन अर्थ चिकटला आहे, त्यामुळे कोणी बिचकण्याचेही कारण नाही. व्युत्पत्तीने त्या शब्दात ‘स्त्रीही नव्हे, पुरुषही नव्हे’ एवढाच आशय आहे.

हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. वर दिलेली सर्व नामे बरोबरीच्या किंवा खालच्या पिढीची आहेत. वरच्या पिढीकडे पाहिले की भांडार रिकामे होते. काका, मामा, आत्या, मावशी यांपैकी एकालाही नपुंसकलिंगी जोड नाही, आणि हा योगायोग नव्हे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंज्ञांचा विचार विवाहनियमांसह केला आहे. त्या दृष्टीने पाहता, जेथे मामाची मुलगी करण्याची चाल आहे तेथे ‘आत्या’ ही केवळ वडिलांची बहीण नसते, संभाव्य सासूही असते. असे स्थान लिंगावाचून सांगताच येत नाही. मुलाबाळांच्या बाबतीत मात्र लग्नापर्यंत ती निकड नसते. कोकणीत लहान वा तरुण मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगी होतो आणि वय वाढल्यावर तो स्त्रीलिंगी होतो, हेही याच अंगाचे उदाहरण होय. तेव्हा चाळीस वर्षांच्या व्यक्तीस ‘लेकरू’ म्हणत राहणे म्हणजे तिच्या लिंगाचा मान राखून वयाचा मान हिरावून घेणे होय. ‘भावंड’ तेवढे वयातीत आहे. सत्तरीतली भावंडेही भावंडेच राहतात.

अर्थात नपुंसकलिंगात जात्याच लहानपण आहे असेही नव्हे. पतिपत्नींविषयी ‘ती दोघे आली’ म्हणताना कोणाचा अवमान होत नाही, आणि ‘आपले माणूस’ या शब्दांत तर जवळीकच आहे. खरी अडचण आदर व्यक्त करताना येते. एकट्या वडील व्यक्तीविषयी ‘ते आले’ असे लिहिले की वाचणारा ते आदरार्थी पुल्लिंग समजतो. नपुंसकलिंगाचे अनेकवचन योजून ‘ती आली’ म्हणावे, तर ते स्त्रीलिंगी एकवचन वाटते आणि आदरही जातो. जुन्या लेखनात ‘तें आलें’ आणि ‘तीं आलीं’ ही रूपे अनुस्वाराने निराळी दिसत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकल्यावर डोळ्यांना दिसणारा तो भेदही संपला. बोलण्यात ‘ते आलं’ वेगळे ऐकू येते खरे, पण थोरांविषयी तसे कोण बोलेल?

या अडचणीचे क्षेत्र मात्र वाटते त्याहून लहान आहे. ‘तुम्ही आलात’, ‘येतात’, ‘येतील’, ‘त्यांना’ ही रूपे लिंग सांगत नाहीत. ‘त्यांनी पत्र लिहिले’ या वाक्यात क्रियापद पत्राच्या मागे जाते, लिहिणाऱ्याच्या नव्हे. मुख्यतः अकर्मक भूतकाळ तेवढा उरतो. नामाच्या बाबतीत संस्कृत धातूंवरून नवे शब्द पाडण्यापेक्षा घरगुती नावांची जुनी रीत अधिक उपयोगी आहे. एकत्र कुटुंबांत मुले वडिलांना ‘भाऊ’ आणि आईला ‘वहिनी’ म्हणत, कारण इतरांच्या तोंडून तेच कानी पडे. हाक आणि वंशावळीतील नाते यांची फारकत मराठी घराने केव्हाच पचविली आहे. त्या व्यक्तीने स्वतः पसंत केलेले नाव घ्यावे आणि पुढे आदरार्थी अनेकवचन चालवावे, यात भाषेवर कोणताही अत्याचार होत नाही. अकर्मक भूतकाळासाठीही जुन्या शिष्टाचारात एक वाट आहेच. दारात आलेल्या पाहुण्यास ‘कधी येणे झाले?’ असे विचारण्याची पद्धत होती, आणि त्या प्रश्नात पाहुणा पुरुष की स्त्री याचा उल्लेख कोठेच येत नसे.