घरगुती व्हिडिओ गेममधील गोळीबाराचे खेळ : घाट, पाठभेद आणि हिंसेचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत आपल्या कक्षा विस्तारल्या आहेत. लोकसाहित्य, तमाशा, चित्रपट, जाहिरात यांची चिकित्सा आता महाविद्यालयीन स्तरावरही होते. परंतु निमशहरी मराठी घरांतील मुले ज्या व्हिडिओ गेमपुढे तासन्‌तास बसली, त्यांविषयी बोलताना आपली भाषा समीक्षकाची राहत नाही. ती पालकाची होते. ‘मुले बिघडतात’, ‘हिंसक होतात’ ही विधाने त्याच भाषेतली आहेत. अलीकडे त्यांच्या जोडीला स्मरणरंजनही आले आहे. हे दोन्ही प्रकार प्रत्यक्ष कलाकृतीकडे पाहण्याचे टाळतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या लेखात घरगुती व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीतील गोळीबाराच्या काही खेळांचा कलाकृती म्हणून विचार केला आहे. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) सारख्या जिल्ह्यात हे खेळ जपानी वा अमेरिकी वेष्टनात आले नाहीत. निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात आणलेल्या ‘फॅमिकॉम’ या संचाच्या नकला ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी, आणि पुढे धड नावही नसलेल्या स्वस्त संचांतून, येथे पोहोचल्या. लोक त्यास ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि त्यात बसवावयाच्या खेळाच्या खोक्यास ‘कॅसेट’. या खेळांचा अर्थ त्यांतील चित्रांत कमी आणि लयीत व नियमांत अधिक असतो, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे.

यंत्राची मर्यादा आणि खेळाचा घाट

आरंभीच्या घरगुती खेळांत एवढा गोळीबार का, या प्रश्नाचे पहिले उत्तर यंत्रात सापडते. अमेरिकेतील अटारी कंपनीचा १९७७ चा संच घ्या. त्याची तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइट्सची होती. पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपला मोजक्याच हलत्या वस्तू ठाऊक होत्या : दोन ‘खेळाडू’, दोन ‘क्षेपणास्त्रे’ आणि एक ‘चेंडू’. कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर आदळली, हे तीच चिप नोंदवीत असे. म्हणजे नेम, गोळी आणि आघात ही त्रयी खेळ लिहिणाऱ्याच्या हाती येण्यापूर्वीच तांब्यात आणि सिलिकॉनमध्ये कोरलेली होती. अर्थात यंत्रही माणसेच घडवितात. क्षेपणास्त्रास ‘क्षेपणास्त्र’ हे नाव कोणी तरी दिले, आणि त्या संचासोबत मिळणारा पहिला खेळ रणगाड्यांच्या लढाईचा होता, हे विसरून चालणार नाही.

जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये टायटो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. १९८० मध्ये तो अटारीच्या संचावर घरात आला. मूळ खेळात परग्रहावरील ५५ आक्रमक रांगांनी डावीकडून उजवीकडे सरकत खाली उतरतात. जसजसे ते मारले जातात, तसतसे उरलेले वेगाने सरकू लागतात. यामागे प्रथम कोणतीही योजना नव्हती. चित्रे कमी झाली की यंत्राचा भार हलका होऊन ते भरभर चाले, इतकेच. निशिकादो यांनी हा दोष न काढता ठेवून दिला, आणि त्याबरोबर चार खालच्या स्वरांचे एक आवर्तनही जलद होत जाईल अशी रचना केली. यश मिळत जाते तसे संकट जवळ येते. तुळजापुराच्या परिसरात ज्याने गोंधळ ऐकला आहे, त्यास संबळाची चढत जाणारी लय आणि तिच्याबरोबर ऐकणाऱ्याच्या अंगात होणारा बदल परिचित असतो. अनुभवाची जात तीच आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची उपपत्ती मांडली. ही उपपत्ती साहित्यास कितपत लागू पडते यावर पुष्कळ वाद झाला आहे. या खेळांना मात्र ती आश्चर्यकारक रीतीने लागू पडते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये एका वेळी एकच गोळी पडद्यावर असू शकते. ती कशावर तरी आदळेपर्यंत किंवा वरच्या कडेपलीकडे जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. नेम चुकला तर गोळीचा संपूर्ण प्रवास हतबलपणे पाहत बसावे लागते. शत्रू दूर असता गोळ्यांमधील अंतर वाढते. तो जवळ आला की गोळीबार आपोआप जलद होतो. सुरक्षितता आणि सामर्थ्य एकमेकांच्या विरुद्ध ठेवणारी ही विरोधलय एका साध्या तांत्रिक मर्यादेतून निर्माण झाली आहे. फरक एवढाच की मर्ढेकरांचा रसिक लय अनुभवतो, तर येथील खेळाडूस ती स्वतः निर्माण करावी लागते. तो चुकला की लयही तुटते.

फॅमिकॉममध्ये पडद्यावर ६४ हलते तुकडे दाखविण्याची सोय होती, परंतु एका आडव्या रेषेवर आठच. ‘कॉन्ट्रा’मध्ये ‘एस’ अक्षराचे शस्त्र मिळाले आणि पंख्यासारख्या गोळ्या सुटू लागल्या की चित्र लुकलुकू लागे, ते या कारणाने. यंत्र आपल्या कुवतीच्या कडेला आले आहे हे खेळाडूस डोळ्यांनी दिसे, आणि नेमक्या त्याच क्षणी तो स्वतःस सर्वाधिक समर्थ समजत असे.

पाठ आणि पाठभेद

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हापासून प्रत आणि पाठ यांचा विचार मराठी परंपरेस नवा नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र आपण ‘कॉन्ट्रा म्हणजे कॉन्ट्रा’ असे धरून चालतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर आला आणि १९८८ मध्ये घरगुती संचावर. जपानी घरगुती आवृत्तीत टप्प्यांच्या दरम्यान नकाशा व कथेची चित्रदृश्ये होती. अमेरिकी आवृत्तीत ती गळाली. युरोपात १९९० मध्ये तोच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला, तेव्हा त्यातील दोन्ही नायक आणि बहुतेक शत्रुसैनिक माणसांचे यंत्रमानव झाले होते.

आपल्याकडील पाठ या सर्वांहून निराळा होता. कॅसेटला पुठ्ठ्याची पेटी नव्हती, माहितीपुस्तिका नव्हती, कथा नव्हती. वेष्टनावर ‘९९९९९९९ इन १’ असा आकडा असे आणि आत मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या टप्प्यांपासून पुनःपुन्हा यादीत घातलेले असत. सूची खोटी आणि खेळ खरे, असा हा ग्रंथ होता. त्यातील एक बदल वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा आहे. ‘कॉन्ट्रा’त मुळात तीनच जीव मिळतात. तीस जीव देणारी कळांची गुप्त मालिका कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रेडियस’ या खेळाच्या वेळी स्वतःच्या सोयीसाठी घातली होती. ती ‘कॉन्ट्रा’तही ठेवली गेली आणि जगभर मुखोद्गत झाली. आपल्या अनेक कॅसेटमध्ये तीस जीव हे यादीतील एक सरळ कलम होते. गुपित सार्वजनिक झाले, पण खेळाचा घाटही ढिला पडला. एका गोळीत मरण आणि तीनच संधी, या ताणावर ‘कॉन्ट्रा’चे आठही टप्पे उभे आहेत. तीस जीव घेऊन खेळणारा मनुष्य वेगळीच, अधिक सैल कलाकृती अनुभवतो. आपल्यापैकी अनेकांनी तीच अनुभवली.

पुस्तिका आणि कथा नसल्यामुळे अर्थाचे काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘१९४२’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८४ मध्ये हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी तो फॅमिकॉमवर आणला. खेळाडूचे विमान अमेरिकी आहे आणि ते पॅसिफिक महासागरावरून टोकियोच्या दिशेने जपानी विमाने पाडीत जाते. जपानी रचनाकारांनी, परदेशी बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून, जपानी मुलांच्या हाती जपानविरुद्धचे विमान दिले. यावर युद्धस्मृती, बाजारपेठ आणि राष्ट्रवाद यांविषयी स्वतंत्र निबंध होऊ शकेल. येथील मुलास यातील काहीच कळण्याचा मार्ग नव्हता. त्याच्यासाठी ते निळे पाणी होते, चहूकडून येणारी विमाने होती आणि ऐन वेळी कोलांटी मारून गोळ्या चुकविण्याची मोजकी संधी होती. तो वाचक अज्ञानी होता असे म्हणणे सोपे आहे. पण त्याने कलाकृतीचा जो भाग वाचला, तो विद्वान भाष्यकाराच्या हातून बहुधा सुटतो.

हिंसेचा प्रश्न

‘प्रोबोटेक्टर’ या पाठभेदाकडे येथे पुन्हा वळावे लागते. तत्कालीन पश्चिम जर्मनीत युवकांस घातक ठरणाऱ्या माध्यमांची अधिकृत सूची होती. १९८४ मध्ये कॅरल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ हा नदीवरून विमान नेण्याचा अटारीवरील खेळही तीत समाविष्ट झाला. अशा वातावरणात माणसांचे यंत्रमानव करणे हा कंपनीने काढलेला मार्ग होता. समीक्षकाच्या दृष्टीने हा आयता प्रयोग आहे. उड्या त्याच, शत्रूंच्या जागा त्याच, गोळ्यांचा वेग तोच. फक्त चित्र बदलले. खेळाडूच्या बोटांनी करावयाच्या कृतीत तिळमात्र फरक पडला नाही. मग हिंसा कमी झाली असे म्हणावयाचे काय? चित्रात झाली, खेळात झाली नाही. चित्रावर केलेला आरोप खेळास लागत नाही, तसेच चित्र बदलून खेळ निर्दोषही होत नाही.

मानसशास्त्रीय बाजू येथे थोडक्यात नोंदवितो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये हिंसक खेळ आणि आरडाओरड, ढकलाढकली यांसारखे आक्रमक वर्तन यांत अल्प संबंध मान्य केला. प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांचे कारण म्हणून या खेळांकडे बोट दाखविण्यास मात्र पुरेसा आधार नसल्याचे म्हटले. प्राध्यापक कक्षात विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरील खेळांविषयी जी चर्चा होते, तीत हा भेद सहसा आढळत नाही.

नीती शोधावयाचीच असेल तर ती नियमांत शोधावी. ‘कॉन्ट्रा’चा नियम असा की सोबती वगळता हलणारी जवळपास प्रत्येक वस्तू शत्रू आहे आणि थांबणे म्हणजे मरण. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढताना पुढे गेलेल्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला सोबती पडद्याच्या खालच्या कडेस मरतो. मैत्रीची ही कसोटी खेळाच्या कोणत्याही चित्रात नाही, पण दोघांनी खेळलेल्या प्रत्येकास ती ठाऊक आहे.

याउलट ‘डक हंट’ (१९८४) दिसावयास निरुपद्रवी. बदके उडतात, प्लास्टिकच्या बंदुकीने ती टिपावयाची. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येऊन हसतो आणि त्यास मारता येत नाही. यात प्रतिकार करणारे कोणीच नाही. यात्रेतील फुगे फोडण्याच्या बंदुकीचीच ही घरगुती आवृत्ती होय, आणि घाट म्हणून यात्रेतील फुगे अधिक सरस आहेत. तेथे निदान छर्रा खरा असतो आणि फुगा खरोखर फुटतो. ‘डक हंट’ची खरी करामत बंदुकीत आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. म्हणजे गोळी बंदुकीतून पडद्याकडे जात नाही, उजेडच पडद्यातून बंदुकीत येतो. ही योजना पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते. आजच्या सपाट पडद्यांपुढे ती जुनी बंदूक आंधळी आहे.

‘बॅटल सिटी’

या सर्वांत प्रस्तुत लेखकास नामको कंपनीचा ‘बॅटल सिटी’ (१९८५) सर्वश्रेष्ठ वाटतो. आपल्याकडे तो ‘टँक’ म्हणूनच ओळखला गेला. पडद्याच्या तळाशी विटांच्या भिंतीआड एक पक्षिचिन्ह असते. त्याचे रक्षण करीत शत्रूचे वीस रणगाडे नष्ट केले की एक टप्पा संपतो. असे ३५ टप्पे आहेत. येथेही आरंभी एका वेळी एकच गोळी मिळते, म्हणून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची विरोधलय येथेही आहे. पण तिच्यावर दुसरा नियम रचलेला आहे : स्वतःच्या गोळीनेही आपली भिंत पडते आणि स्वतःच्याच गोळीने ते चिन्हही नष्ट होते. सोबत्यास गोळी लागली तर तो मरत नाही, पण काही काळ जागीच खिळतो. शस्त्र ज्याच्या हाती आहे त्याने ते कोठे वापरू नये, हे या खेळात पावलोपावली ठरवावे लागते. ‘कॉन्ट्रा’त गोळी वाया जाते, ‘बॅटल सिटी’त ती अंगाशी येते. दोन भावंडे हा खेळ खेळत असता होणारी भांडणे बहुधा शत्रूमुळे नसत, ‘तू आपली भिंत का फोडलीस’ यामुळे असत.

शिवाय यात खेळाडूस स्वतःचे रणांगण रचण्याची सोय होती. विटा, पोलाद, पाणी, झाडी आणि बर्फ मांडून मुले आपले नकाशे तयार करीत. पोलादाने चिन्ह पूर्ण वेढून टाकले की खेळ निरर्थक होतो, हा शोध प्रत्येक जण एकदा लावतो आणि मग मुद्दाम एखादी फट ठेवू लागतो. घाटाविषयीची ही जाण वर्गात शिकवावयास आम्हांस बरेच तास लागतात.

हे नकाशे कॅसेटमध्ये साठत नसत. वीज गेली की ते जात, आणि मराठवाड्यातील भारनियमनाच्या वर्षांत ती रोजच जात असे. गुणांचे उच्चांकही तसेच गेले. मूळ जपानी व अमेरिकी पाठ आज संगणकीय प्रतींमध्ये आणि कंपन्यांच्या पुनर्प्रकाशनांत सुरक्षित आहेत. आपल्याकडे वाचला गेलेला पाठ, म्हणजे खोट्या सूचीची, बदललेल्या टप्प्यांची, तीस जीवांची कॅसेट, कोणत्याही कंपनीच्या पुनर्प्रकाशनात येणार नाही. ती माळ्यावरच्या पेट्यांत आणि दुरुस्तीच्या दुकानांच्या ढिगांत आहे. मराठी विभागांनी हस्तलिखितांप्रमाणे तिच्या प्रती गोळा करून त्यांतील खेळांची, फेरफारांची आणि नावांची वर्णनात्मक सूची करावयास घेतली, तर या जिल्ह्यापुरते ते काम एका लघुसंशोधन प्रकल्पात मावण्यासारखे आहे.