मोंतेरेआले : गाळणी की संवादभूमी?

ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रदेशातले मोंतेरेआले हे लहानसे गाव संहितावाचनाच्या चर्चेत आले ते कार्लो गिंझबर्ग यांच्या ‘चीज आणि किडे’ (मूळ इटालियन, १९७६) या ग्रंथामुळे. मेनोक्कियो या नावाने ओळखला जाणारा दोमेनिको स्कांदेल्ला (जन्म १५३२) हा तेथील पाणचक्कीवाला. धर्मन्यायालयाने १५८४ आणि १५९९ मध्ये त्याच्यावर पाखंडाचे खटले चालविले. दुसऱ्याची परिणती मृत्युदंडात झाली. आरंभी सर्व एकाकार होते, दुधाचे चीज व्हावे तसा त्याचा गोळा झाला आणि चीजमध्ये किडे पडावेत तसे त्यात देवदूत उपजले, अशी त्याची विश्वोत्पत्तीची कल्पना होती.

देशभाषेतील बायबल, मँडेव्हिलचे प्रवासवर्णन अशी मोजकीच पुस्तके त्याने वाचली होती. त्यांतील मजकूर आणि त्याने लावलेला अर्थ यांतील अंतर मौखिक कृषक-संस्कृतीच्या गाळणीमुळे पडले, हा गिंझबर्ग यांचा मध्यवर्ती सिद्धान्त. सामान्य वाचकाचे वाचनही निर्मितिशील असते, हे त्यातून प्रत्ययास येते. परंतु पुस्तकात जे आढळत नाही ते गावाच्या खाती जमा करावयाचे आणि त्याच गावाच्या आधारे वाचनाचा उलगडा करावयाचा, हा युक्तिवाद वर्तुळाकार ठरतो. मौखिक संस्कृतीला दिलेल्या या अग्रस्थानावर डॉमिनिक लाकाप्रा यांनी १९८५ मध्ये आक्षेप घेतला होता. चीजच्या प्रतिमेशी वैदिक सृष्टिकथेतील थिजणाऱ्या आदिजलाचे साम्य गिंझबर्ग नोंदवितात, तेव्हा तर प्रत्यक्ष गाव सहस्रकांच्या परंपरेत विरून जाते.

वस्तुतः दफ्तरात हे गाव साक्षीदारांच्या मुखातून बोलते. मेनोक्कियो वर्षानुवर्षे गावकऱ्यांशी वाद घालीत होता. ते ऐकत, कधी विरोधही करीत. १५८१ मध्ये तो गावचा मुखत्यार होता. १५८३ मध्ये त्याच्याविरुद्ध तक्रार गेली ती गावच्याच धर्मगुरूकडून. साक्षीदार त्याची मते त्याची म्हणून ओळखतात. गावाची म्हणून नव्हे.

गिंझबर्ग बाख्तिनचे ऋण मान्य करतात. मात्र त्याच्याकडून येथे ते प्रामुख्याने अभिजन आणि लोक यांच्या संस्कृतींचे नाते घेतात, बहुस्वरता नव्हे. पुढे धर्मन्यायाधीशाची तुलना मानववंशशास्त्रज्ञाशी करताना त्यांनी दफ्तरांच्या संवादरूपाकडे लक्ष वेधले. पण तो संवाद मुख्यतः प्रश्नकर्ता आणि आरोपी यांच्यातला. ऐकणारे, सहन करणारे आणि अखेर साक्ष देणारे गाव तिसरेच राहते. त्याला एकसंध ‘लोकसंस्कृती’ मानले, की दडपलेला एक आवाज मिळवून देताना इतर अनेक आवाज पुन्हा दडपले जातात.