'बगदाद-कैरो'ची उपमा आणि नगरचा कापडबाजार

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) शहराविषयीच्या लेखनात एक विधान हटकून आढळते: मलिक अहमद निजामशहाने 1494 च्या सुमारास वसविलेले हे नगर अल्पावधीत बगदाद व कैरो यांच्या तोडीचे झाले. या विधानाला सामान्यतः फरिश्त्याचा आधार दिला जातो. फरिश्ता 1589 मध्ये नगर सोडून विजापुरास गेला व त्याने आपला इतिहास तेथे, नगर वसल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिला. म्हणजे हे प्रत्यक्षदर्शीचे वर्णन नसून दरबारी इतिहासलेखनातील गौरव होय. तरीही अभ्यासक तो पुरावा म्हणून उद्धृत करतात आणि लगेच किल्ला, फराहबाग, दमडी मशीद यांकडे वळतात. ज्या ठिकाणी हे साम्य तपासता आले असते, ती बाजारपेठ विवेचनाबाहेरच राहते.

अरबी 'सूक'चे ठळक लक्षण म्हणजे एका धंद्याची एक गल्ली. कैरोचा खान अल-खलिली आणि अलेप्पोचा जुना बाजार ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. नगरमध्ये कापडबाजार, सराफबाजार, दाळमंडई, आडतेबाजार, गंजबाजार ही नावे हाकेच्या अंतरावर भेटतात. मात्र एवढ्यावरून अरबी अनुकरणाचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. व्यवसायवार पेठा भारतातही प्राचीन आहेत, आणि 'आडत' हा शब्द तर इथलाच.

त्यापेक्षा भरवशाची साक्ष गल्ल्यांच्या रचनेत नव्हे, व्यवहाराच्या भाषेत सापडते. दुकान, हिशेब, रक्कम, नफा, बाकी, जकात, दलाल, सराफ हे सारे शब्द मूळचे अरबी. ते मराठीत बहुधा फारसीच्या वाटेने आले. येताना त्यांचे अर्थही सरकले. अरबी 'सर्राफ' हा नाणी पारखून बदलून देणारा. मराठीत तो सोन्याचांदीचा व्यापारी झाला. 'जकात' हे धार्मिक दान. येथे ते नाक्यावरचा कर झाले. (भाषेने केलेला हा बदल कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक बोलका आहे.)

असा वारसा वास्तूंच्या यादीत मावत नाही. माराकेशच्या जामा एल-फना चौकाला युनेस्कोने 2001 मध्ये मान्यता दिली ती तेथील कथेकरी व कलावंतांच्या मौखिक परंपरेसाठी. अलेप्पोचा बाजार 2012 मध्ये युद्धात जळाला; पण 1986 मध्येच संपूर्ण जुने शहर जागतिक वारसा ठरलेले असल्याने ती हानी वारशाची हानी म्हणून नोंदली गेली. नगरच्या बाजारपेठेतील जुनी रोजकीर्द, खतावण्या, मापांची नावे आणि वृद्ध व्यापाऱ्यांची बोली यांचे संकलन स्थानिक महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व वाणिज्य विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे आहे. त्याला उत्खननाची परवानगी लागत नाही.