कॅरिअर घराण्याचे कागद आणि एक कादंबरी

इ. स. १६९२ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील सेलम येथें चेटकाच्या आरोपावरून जे खटले झाले, त्यांत एकोणीस माणसें फांशीं गेलीं. या प्रकरणावर कथा-नाटकें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कॅथलीन केंट यांच्या 'द हेरेटिक्स डॉटर' (२००८) या कादंबरीचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे. कारण असें कीं, फांशीं गेलेली मार्था कॅरिअर ही लेखिकेची पूर्वज असून कथा मार्थेची कन्या सेरा हिच्या तोंडून वदविली आहे; आणि या घराविषयींचे अस्सल कागद उपलब्ध असल्यामुळें कल्पना व पुरावा हीं ताडून पाहतां येतात.

प्रथम ग्रंथाचा गुण सांगितला पाहिजे. आर्थर मिलर यांच्या 'द क्रूसिबल' (१९५३) या नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर. त्याचीं मुलेंही वस्तुतः धरलीं गेलीं होतीं, पण नाटकांत तो भाग नाहीं. केंटबाईंनीं उलट घर हेंच कथेचें केंद्र केलें आहे. आंडोव्हर गांवीं १६९० च्या सुमारास आलेल्या देवींच्या सांथीचा बोल या कुटुंबावर कसा आला, शेजाऱ्यांचा आकस आरोपापर्यंत कसा पोंचला, तुरुंगांतील दिवस कसे गेले, हें सर्व त्यांनीं विश्वसनीय रीतीनें रेखाटलें आहे.

आमचा आक्षेप कथेच्या मर्मस्थानाविषयीं आहे. कादंबरींतील आई मुलीस खोटें बोलण्यास सांगते. त्या खोट्यानें मुलगी वाचावी आणि आई बुडावी. प्रसंग हृदयद्रावक खरा. परंतु तारखा काय म्हणतात? कॉटन मॅदरनें दिलेल्या वृत्तान्ताप्रमाणें मार्थेचा खटला २ ऑगस्टच्या बैठकींतील. सेराची जबानी ११ ऑगस्टची. म्हणजे मुलगी बोलली तेव्हां आईचा खटला चालून गेलेला होता. मोठ्या मुलांचे कबुलीजबाब जुलै महिन्यांतले. परंतु मुलांचे जबाब, इतर पुरावा पुरेसा असल्यामुळें, न्यायालयापुढें आणले नाहींत, असें मॅदरच लिहितो. ते कसे मिळाले हें प्रॉक्टरनें तुरुंगांतून २३ जुलै रोजीं बॉस्टनच्या धर्मोपदेशकांस लिहिलेल्या पत्रांत नमूद आहे: नाकांतून रक्त येण्याची वेळ येईपर्यंत मुलांची मान टांचांशीं आवळून बांधली होती.

सेराच्या जबानींत मात्र वेदनेचा उल्लेख नाहीं. वय विचारतां ती म्हणते, भाऊ रिचर्ड सांगतो कीं येत्या नोव्हेंबरांत आठ पुरीं होतील. आई कैदेंत असतां तुझ्याकडे कशी आली? तर काळ्या मांजरीच्या रूपानें. ती आईच हें कशावरून? तर मांजरीनेंच सांगितलें! अशा उत्तरांत ठरवून केलेला त्याग दिसत नाहीं. मोठ्यांच्या प्रश्नांमागें फरफटत जाणारें मूल दिसतें. मार्था १९ ऑगस्ट रोजीं फांशीं गेली; त्यासाठीं मुलीच्या शब्दाची गरजही नव्हती. ही गोष्ट कादंबरीहून अधिक भयंकर आहे.

पूर्वजांच्या घरांतील लेकीचा बोल वंशजानें सुसह्य करून घ्यावा, हें स्वाभाविक आहे. आपल्याकडील बखरी व कुलवृत्तान्त हाताळणारांस ही वृत्ति परिचित आहेच. मार्थेचा पति टॉमस यानेंच १६४९ मध्यें पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद केला, ही दंतकथाही लेखिकेनें अशीच स्वीकारली आहे. कथेस ती रंग आणते. परंतु आम्हांस त्याच टॉमसचा १७१० चा अर्ज अधिक बोलका वाटतो. पत्नीच्या मृत्यूचा उल्लेख करून तो दोनच रकमा मांडतो: शेरीफास दिलेले ५० शिलिंग, पत्नी व चार मुलें यांच्या तुरुंगखर्चाबद्दल ४ पौंड १६ शिलिंग. १७११ मध्यें सरकारानें मंजूर केलेली भरपाई ७ पौंड ६ शिलिंग. बेरीज करून पाहावी: पदरचा खर्च तेवढा परत आला, मार्थेच्या जिवाबद्दल एक पेनीही नाहीं.

ग्रंथ संग्राह्य आहे. मात्र वाचकांनीं तो हे चार कागद शेजारीं ठेवून वाचावा.