बव्हेरियाचे जुने नकाशे : बघण्याचे की वाचण्याचे?

जुना नकाशा चौकटीत घालून भिंतीवर लावलेला दिसला की आपण बहुतेक सगळे एकच वाक्य बोलतो, "काय सुंदर आहे!" आणि पुढे जातो. आज आपल्याला या वाक्याशीच थोडं भांडायचं आहे. सुंदर म्हणजे नेमकं काय सुंदर? कोपऱ्यातली वेलबुट्टी? जुना पिवळा कागद? की त्यात कुणीतरी पायाखाली घालून नोंदवलेला मुलूख? यासाठी आपण जर्मनीतला एकच प्रांत घेऊ, बव्हेरिया. तीनशे वर्षांत या एका प्रांताचे नकाशे लाकडावर कोरले गेले, तांब्यावर कोरले गेले आणि शेवटी दगडावरून छापले गेले. त्यामुळे तुलनेला हा प्रांत फार सोयीचा आहे.

बव्हेरियाचा पहिला छापील नकाशा 1523 सालचा, आव्हेंटिनुस या इतिहासकाराचा. तो इतिहासकाराला शोभेल असाच आहे. पण तिथे फार न थांबता आपण खऱ्या नायकाकडे येऊ. तो म्हणजे फिलिप आपियान. त्याचे वडील पेटर आपियान हे इंगोलश्टाटच्या विद्यापीठातले नावाजलेले गणिती आणि खगोलज्ञ. 1552 मध्ये ते वारले आणि ऐन विशीतल्या मुलाकडे त्यांची जागा आली. दोनच वर्षांनी, 1554 मध्ये, ड्यूक आल्ब्रेश्ट पाचवा यानं त्याला सांगितलं, की माझा सगळा मुलूख मोजून दे.

मग वर्षामागून वर्ष उन्हाळ्यात हिंडायचं, मनोऱ्यांवर आणि टेकड्यांवर चढून दिशा आणि कोन घ्यायचे आणि नंतर घरी बसून जुळवाजुळव करायची. 1563 मध्ये नकाशा तयार झाला. सुमारे पाच मीटर लांब, तेवढाच रुंद, हातानं रंगवलेला. प्रमाण साधारण 1:45,000, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे साडेचारशे मीटर. सोळाव्या शतकात एका अख्ख्या देशाचं एवढ्या बारकाव्यानं चित्रण ही थक्क करणारी गोष्ट आहे. हा मोठा नकाशा पुढे नष्ट झाला. पण 1568 मध्ये त्याची लहान आवृत्ती 24 लाकडी ठशांवरून छापली गेली होती, साधारण 1:144,000 या प्रमाणात. ती टिकली, आणि तिचे लाकडी ठसेही आज म्युनिकच्या संग्रहालयात जपलेले आहेत.

आता या पत्रकांकडे टीकाकाराच्या नजरेनं बघू. डोंगर कसे आहेत? बाजूनं बघितल्यासारखे. उंदरानं उकरलेल्या मातीच्या ढिगांसारखे एकापुढे एक मांडलेले. गावं म्हणजे छोटी घरं आणि त्यात चर्चचा सुळका. आजच्या कसोटीला हे बालिश वाटेल. पण नद्या बघा, गावांची एकमेकांपासूनची अंतरं बघा. चित्रण जुनं, मोजणी मात्र नवी. याच कारणामुळे पुढची दोनशेहून जास्त वर्षं बव्हेरियाचे नकाशे काढणाऱ्यांना आपियानच्याच खांद्यावर उभं राहावं लागलं. आणि हा माणूस? नकाशा छापून होतो न होतो तोच, ल्यूथरच्या पंथाकडे वळल्यामुळे, त्याला कॅथलिक बव्हेरिया सोडून ट्युबिंगेनला जावं लागलं. जो मुलूख त्यानं इंचाइंचानं मोजला, त्यातच त्याला जागा उरली नाही.

यानंतर तांब्याचा जमाना आला. लाकडी ठशात रेघ उंच ठेवून बाकीचं खोदून काढतात. ताम्रपटात उलट, रेघच खोदतात आणि तिच्यात शाई भरतात. त्यामुळे रेघ केसासारखी बारीक होते, अक्षर नाजूक होतं. 1579 मध्ये पेटर वाइनर यानं आपियानचीच पत्रकं तांब्यावर उतरवली. अँटवर्पच्या ऑर्टेलियसनं आपल्या ॲटलासमध्ये बव्हेरियाचा नकाशा घातला, तोही आपियानवरून, आणि त्यानं तसं प्रामाणिकपणे लिहिलं. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या योहान बाप्टिस्ट होमान याच्या छापखान्यानं असे नकाशे घरोघरी पोचवले. प्रांतांना हातानं दिलेले फिकट रंग आणि कोपऱ्यात देवदूत, ढाली, फळाफुलांच्या माळा. आज बाजारात सगळ्यात जास्त मागणी यांनाच!

इथे आमचं मत जरा कठोर आहे. होमानच्या बऱ्याच नकाशांत कलाकुसर वाढली, माहिती मात्र उसनी राहिली. नवी मोजणी नाही, जुन्याचंच सुबक पुनर्लेखन. गंमत बघा, त्या काळी मुलखांना रंग देत आणि कोपऱ्यातली नक्षी बरेचदा कोरीच ठेवत. आज ती नक्षी रंगीबेरंगी दिसते, तेव्हा तो रंग अनेकदा नंतरच्या विक्रेत्यानं भरलेला असतो. म्हणजे ज्या भागाला आपण "काय सुंदर!" म्हणतो, तोच कधीकधी सर्वांत नवा असतो.

खरी नवी मोजणी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि ती सैन्याच्या गरजेतून. 1801 मध्ये फ्रेंच फौजा म्युनिकमध्ये होत्या. त्यांच्या अधिकाऱ्यांनी म्युनिकपासून आउफकिर्खेनपर्यंत सुमारे 21.6 किलोमीटरची आधाररेषा जमिनीवर मोजली. एक रेषा नेमकी मोजली, की पुढचं त्रिकोणांचं जाळं नुसत्या कोनांवर उभं राहतं. याच कामातून 1812 ते 1867 या काळात 1:50,000 प्रमाणाचा, 112 पत्रकांचा, ताम्रपटांवर कोरलेला ॲटलास निघाला.

यात डोंगर वरून बघितलेले आहेत. सॅक्सनीतल्या लेहमान या अधिकाऱ्यानं 1799 मध्ये एक साधा नियम मांडला होता. उतार जितका तीव्र, तितक्या रेघा जाड. सपाट जमीन पांढरी, 45 अंशांचा उतार काळा. या रेघांमुळे कागदावर डोंगर अक्षरशः उठून दिसतो. पण दोष सांगायलाच हवा. आल्प्सच्या पत्रकांवर रेघांची इतकी दाटी होते की गावांची नावं त्यात बुडतात. शिवाय उतार कळतो, उंची कळत नाही. सौंदर्यानं इथेही उपयोगावर थोडी कुरघोडी केलीच.

तिसरा नकाशा सगळ्यांत साधा आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. 1808 पासून शेतसाऱ्यासाठी गावोगाव मोजणी सुरू झाली, बहुतांश 1:5,000 प्रमाणात. म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरनं शोधलेलं शिळाछापाचं तंत्र इथे कामाला आलं. झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या दगडांवर प्रत्येक बांध, प्रत्येक घर उतरलं. असे हजारो दगड म्युनिकच्या मोजणी खात्यानं आजही सांभाळलेत. हेच शिळाछापाचं तंत्र पुढे जर्मन तंत्रज्ञाच्या हातून राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात आलं; लोणावळ्याजवळच्या मळवलीतून निघालेली देवादिकांची चित्रं आपल्या आजोळच्या भिंतींवर होती. म्हणजे आपल्या घरातल्या लक्ष्मीचं आणि बव्हेरियातल्या शेताच्या बांधाचं तंत्र एकच!

आता मुद्द्याचं. हे नकाशे एकमेकांशेजारी ठेवले तर इतिहास बोलतो. आपियानच्या काळी वेसोब्रुन हा भरभराटीचा मठ. 1803 मध्ये सरकारनं मठ खालसा केले, आणि 1810 मध्ये तिथलं मठाचं चर्च पाडलं गेलं. हा फरक दोन पत्रकं जवळजवळ असतील तरच डोळ्यांना दिसतो. पण सुटं पत्रक जास्त भावानं जातं, म्हणून जुने ॲटलास फाडून पानापानानं विकले जातात. नदी एका पानावरून दुसऱ्यावर जाते; दुसरं पान कुठल्या शहरात, कुणाच्या दिवाणखान्यात, कोण जाणे. फाडलेला ॲटलास परत बांधता येत नाही. असा नकाशा सुंदर राहतो, पण मुका होतो.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. पुढच्या वेळी जुना नकाशा समोर आला, की आधी कोपऱ्याकडे बघू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. हा कुणी मोजला? कुणासाठी मोजला? आणि याच्या शेजारचं पान कुठे आहे? उत्तरं मिळाली, तर खुशाल म्हणा, "काय सुंदर आहे!" तेव्हा ते वाक्य आपण कमावलेलं असेल.