'वर्कहोलिक': दोषाचा झाला गौरव

'वर्कहोलिक' हा शब्द रूढ झाला तो वेन ओट्स या अमेरिकन बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या 'कन्फेशन्स ऑफ अ वर्कहोलिक' (१९७१) या पुस्तकामुळे. 'अल्कोहोलिक'ची शेपटी तोडून ती कामाला जोडलेली. जोड ओबडधोबड, परंतु अर्थ नेमका. मद्यप्याला बाटली आवरत नाही, याला काम. शीर्षकातील 'कन्फेशन्स' मला अधिक मोलाचे वाटते: लेखक बोट दाखवितो ते स्वतःकडे. (आम्हा धर्मगुरूंनाही ते झोंबावे!) आज मात्र नोकरीच्या मुलाखतीत हाच शब्द गुण म्हणून मिरविला जातो. 'कामसू' हे त्याचे भाषांतर मला अमान्य आहे; कामसू माणूस दिवेलागणीला घरी परततो, मुलांत बसतो. 'कामाचा व्यसनी' म्हणावे. मग मुलाखतीत तो शब्द कोण उच्चारील?