निनावी पत्रांचे वाङ्मय

काळ्या अमेरिकनांच्या साहित्याशी दलित साहित्याचे नाते जोडले गेले त्याला आता अर्धे शतक उलटले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्या लेखनामुळे ते साहित्य मराठवाड्यातील वसतिगृहांपर्यंत पोचले, आणि १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. पण त्या साहित्याच्या कपाटात एक ग्रंथ आपण अद्याप ठेवलेला नाही. तो कोणा काळ्या लेखकाचा नाही. अमेरिकन सिनेटच्या एका समितीने एप्रिल १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च नावाचे सिनेटर होते, म्हणून तिला चर्च समिती म्हणतात. धर्मपीठाशी तिचा काही संबंध नाही. देशाच्या गुप्तचर संस्थांनी आपल्याच नागरिकांवर काय प्रयोग केले हे तिने त्या संस्थांचीच दप्तरे उघडून तपासले. अंतिम अहवालाचे सहा खंड आहेत. तिसऱ्या खंडात एक प्रकरण मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर आणि एक ब्लॅक पँथर पक्षावर आहे. ह्या दोन प्रकरणांकडे मी साहित्याचा शिक्षक म्हणून पाहणार आहे, कारण त्यांचा गाभा वाङ्मयीन आहे.

तो गाभा म्हणजे पत्रे. नोव्हेंबर १९६४ मध्ये, नोबेल पारितोषिक स्वीकारण्याच्या तोंडावर, किंग यांच्या संघटनेच्या पत्त्यावर एक पार्सल टाकण्यात आले. त्यात हॉटेलच्या खोल्यांत चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाची एक फीत होती आणि एक निनावी पत्र होते. चौतीस दिवसांची मुदत देऊन, आता तुमच्यापुढे एकच मार्ग उरला आहे, असे त्यात सुचविले होते. किंग यांनी त्याचा अर्थ आत्महत्या असाच घेतला. पत्र एफबीआयने धाडले होते. पण पत्राचा लेखक पोलीस म्हणून बोलत नाही. तो काळ्या समाजातला एक दुखावलेला माणूस म्हणून बोलतो, ‘आपण निग्रो’ अशा सुरात बोलतो. ह्या एका युक्तीत सगळे आले.

जानेवारी १९६९ मध्ये शिकागोतील एका टोळीचा पुढारी जेफ फोर्ट याला असेच पत्र पाठविण्याची मंजुरी एफबीआयच्या मुख्य कचेरीने दिली. पँथरवाले तुझ्या जिवावर उठले आहेत, सावध राहा, असा त्याचा आशय. खाली सही ‘तुला ठाऊक नसलेल्या एका काळ्या भावा’ची. फोर्टने उलटा वार करावा आणि दोन संघटनांत रक्त सांडावे हा हेतू अधिकाऱ्यांनी टिपणात नोंदवून ठेवला आहे. सेंट लुईसमध्ये काळ्यांच्या चळवळीत काम करणाऱ्या एका गोऱ्या बाईच्या नवऱ्याला तिच्या चारित्र्याविषयी पत्र गेले. ते लिहिणारी म्हणे एक काळी भगिनी. पुढे ते जोडपे विभक्त झाले आणि त्याचे श्रेय खात्याने दप्तरात स्वतःकडे घेतले. कॅलिफोर्नियात तर व्यंगचित्रे काढली. पँथर आणि ‘यूएस’ नावाची दुसरी काळी संघटना यांच्यात वैर होतेच. एकमेकांना हिणवणारी चित्रे त्या त्या संघटनेच्या नावावर वाटून ते पेटते ठेवण्यात आले.

आपल्याकडे अनुभवाच्या प्रामाणिकतेवर केवढा वाद झाला आहे! जगला त्यानेच लिहावे, ही बोली ज्याची त्यालाच साधते, दुसऱ्याने लिहिले तर तो खोटेपणा लगेच उघडा पडतो, असे आपण छातीठोकपणे म्हणत आलो. हा अहवाल वाचल्यावर माझा तेवढा विश्वास उरला नाही. चांगल्या पगाराच्या गोऱ्या अधिकाऱ्याने काळ्यांची बोली, त्यांचे संबोधन, त्यांचा रागसुद्धा उचलला आणि वाचणाऱ्याला तो खरा वाटला. बोली ही आपली खूण आहे, म्हणून तर ती चोरण्याजोगी आहे. कागद, शाई, टपालपेटी कोणती वापरावी याचाही विचार करून ती पत्रे लिहिली जात आणि वरिष्ठ त्यांवर संपादकासारखे शेरे मारीत. कोणत्याही नियतकालिकाला हेवा वाटावा अशी ही संपादकीय शिस्त!

आकडा सांगायचा तर, काळ्यांच्या संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या पँथर पक्षाविरुद्ध होत्या. पक्ष लहान मुलांना सकाळची न्याहारी फुकट देई, तो उपक्रमही लक्ष्य होता. शिकागोचा एकवीस वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी बिछान्यात मारला गेला. त्या घराचा नकाशा एफबीआयच्या पगारी खबऱ्याने पुरविला होता. पुढे त्याला तीनशे डॉलर बक्षीस मिळाले. तेही दप्तरात आहे.

अहवालाला उणिवा आहेत. समितीच्या अकरा सभासदांत एकही काळा नव्हता, हे वाचताना जाणवते. ‘पद्धती चुकल्या’ हा तिचा मुख्य सूर. न्याहारीच्या एका ताटलीने महासत्ता का हादरावी, ह्या प्रश्नाशी ती थांबत नाही. खबऱ्यांची नावे झाकली आहेत. किंग यांना आलेले ते पत्रसुद्धा काही न खोडता छापले गेले ते थेट २०१४ साली. तरीही ह्या अहवालाने एक गोष्ट केली, आणि तिच्यासाठी मी तो आपल्या कपाटात ठेवू इच्छितो. आपल्यातले कोणते भांडण खरे होते आणि कोणते बाहेरून पेरले होते, हे त्या चळवळीतल्या माणसांना निदान काही प्रमाणात वेगळे करता आले. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने समन्स काढले, म्हणून हे झाले. सिनेटमध्ये त्यानंतर १९७६ साली गुप्तचर संस्थांवर कायमची समिती बसली, प्रतिनिधिगृहात १९७७ साली, आणि १९७८ साली पाळतीला न्यायालयाची परवानगी लागेल असा कायदा झाला. त्यामुळे रामराज्य आले असे नव्हे. २०१४ साली सीआयएच्या लोकांनी ह्याच सिनेट समितीच्या संगणकांत डोकावल्याचे उघड झाले आणि २०१७ साली एफबीआयने ‘काळ्या अस्मितेचे अतिरेकी’ असा एक नवा वर्ग कागदावर निर्माण केला. पण देखरेख चुकली हे कळायलाही देखरेख असावी लागते.

आता आपल्याकडे येतो. दलित पँथर १९७४ पासून फुटत गेली आणि १९७७ साली बरखास्तीची घोषणा झाली. बुद्ध की मार्क्स हा वाद खरा होता. तो पोलिसांनी लावला असे म्हणणे त्या पिढीच्या बुद्धीचा अपमान ठरेल. परंतु त्या काळापासून आजपर्यंत आपल्या चळवळीत एक वाक्य फार स्वस्त झाले आहे : ‘तो खात्याचा माणूस आहे.’ मी स्वतः एका अभ्यासवर्गात हे वाक्य ऐकले. ज्याच्याविषयी ते उच्चारले गेले तो मुलगा घरातला पहिला पदवीधर, सतरंज्या घालण्यापासून पत्रके वाटण्यापर्यंत सगळ्यांत पुढे असणारा. पुरावा कोणी मागितला नाही. कोठून आणणार? पुढच्या बैठकीला तो आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. आरोप खरा असता तर एक खबऱ्या गेला, आणि खोटा असेल तर एक कार्यकर्ता. ह्यातले काय झाले हे ठरविण्याचे कोणतेही साधन ह्या देशात नाही. संशय राज्यसंस्थेवर जायला हवा तो शेजारच्या सतरंजीवर बसलेल्या माणसावर जातो.

साधन का नाही? गुप्तवार्ता विभागाचे मूळ १८८७ सालच्या ब्रिटिश सरकारच्या एका शाखेत आहे. रॉ १९६८ साली स्थापन झाली. ह्या दोन्ही संस्थांना जन्म देणारा, त्यांची कामे व मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा आजही नाही. संविधानाच्या संघसूचीत केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाची नोंद आहे. तिच्यावर २९ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत प्रश्न आले तेव्हा बाबासाहेबांनी तिचा अर्थ मुद्दाम आखून दिला. हा विभाग माहिती गोळा करील, ती खरी की खोटी हे पाहील आणि प्रांतांना कळवील. पोलीस अधिकारी फौजदारी खटल्यासाठी करतो तो तपास त्यात येत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ते कुंपण सभागृहाच्या इतिवृत्तात राहिले, कायद्यात उतरले नाही. ह्या संस्थांना उद्देशून १९८५ साली एक कायदा झाला खरा, पण तो त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने घालणारा! नागरिकाच्या बाजूचे एक कलमही त्यात नाही. माहिती अधिकार कायद्याने २००५ साली ह्या संस्थांना वगळले. अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या भंगाचा. टेलिफोन ऐकण्याच्या हुकमांची फेरतपासणी सचिवांची समिती करते. हुकूम काढणारे सरकारी आणि तपासणारेही सरकारी. गावकीतला न्याय आपल्या आजोबांनी पाहिला आहे, त्यांना हे नवे वाटले नसते.

शाह आयोगाने १९७८ साली आणीबाणीतील गुप्तवार्ता विभागाच्या गैरवापरावर बोट ठेवले होते. पुढे २०११ साली मनीष तिवारी यांनी लोकसभेत ह्या संस्थांवर संसदीय समिती बसविणारे खासगी विधेयक मांडले. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्याचेही झाले नाही. पेगॅससचे प्रकरण जुलै २०२१ मध्ये बाहेर आले. २८ जुलैला माहिती तंत्रज्ञानाच्या संसदीय समितीची बैठक ठेवली होती. बोलाविलेले अधिकारी आले नाहीत. सत्ताधारी पक्षाचे सभासद आले, पण हजेरीपटावर सही करायला तयार झाले नाहीत. गणसंख्या भरली नाही आणि बैठक बारगळली. प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली सापडली, ती पेगॅससच होती असे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगण्यात आले.

पत्रांकडे मला पुन्हा यावे लागते. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावनंतर जे कार्यकर्ते, वकील, प्राध्यापक पकडले गेले, त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात पत्रेच आहेत, संगणकात सापडलेली. २०२१ साली अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग ह्या तज्ज्ञ संस्थेने अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून ही कागदपत्रे ठेवण्यात आली. कोणी ठेवली हे त्या संस्थेने सांगितलेले नाही. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. न्यायालय त्याचा निर्णय करील. पण चर्च समितीचा तिसरा खंड वाचलेला माणूस एक प्रश्न विचारल्याशिवाय राहू शकत नाही : ह्या पत्रांचा लेखक कोण? आरोपींनी तो विचारला, त्यांच्या वकिलांनी विचारला. संसदेत तो समन्स काढून विचारू शकेल अशी समिती नाही.

दप्तर उघडले की काय मिळते याचा अनुभव आपल्यालाही आहे. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा खंड काढला. त्यात वृत्तपत्रांतील उताऱ्यांबरोबर मुंबई इलाख्याच्या पोलिसांच्या गुप्त नोंदीही आहेत. सभेच्या कडेला बसून कोणा सरकारी माणसाने त्या टिपल्या असतील. आज संशोधक त्यांवर विसंबतात. पण तेथे साम्राज्य गेलेले होते, उघडायला कोणाची हरकत नव्हती. पँथरच्या काळातील पोलिसी नोंदींचा असा खंड शासनाने काढलेला नाही.

लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत. त्या जागांवर निवडून गेलेल्यांना आपण शिष्यवृत्तीविषयी विचारतो, नोकरीतील अनुशेषाविषयी विचारतो. गुप्तचर संस्थांवर कायद्याने स्थापन झालेली, दप्तर मागविण्याचा अधिकार असलेली संसदीय समिती हवी की नको, हेही त्यांना विचारले पाहिजे. पोलिसांच्या नोंदवहीतील एका ओळीने ज्यांची चारित्र्य पडताळणी अडते, ती मुले त्यांच्याच मतदारांची आहेत. मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना तसे पत्र पाठविले आहे. उत्तर अजून यावयाचे आहे.